बेळगावात नव्याने राहायला आलात? इथली महानगरपालिका कशी बनते आणि कशी चालते

कोल्हापूर, सांगली, आजरा, चंदगडकडून नोकरीसाठी किंवा लग्न होऊन बेळगावात आलेल्या माणसाला पहिले काही महिने इथं परकं वाटत नाही. बाजारात मराठी चालते, गल्लीत गणपती बसतो, सकाळी दारात मराठी पेपर पडतो. पेपरात महापौर, नगरसेवक, स्थायी समिती, विषयपत्रिका हेच ओळखीचे शब्द असतात. मग कारभारही तिकडच्यासारखाच असणार असं माणूस धरून चालतो.

आमच्या माडीवर चंदगड तालुक्यातलं एक कुटुंब भाड्यानं राहायला आलं होतं. पहिल्या पावसाळ्यात घरासमोरचं गटार तुंबलं. त्या घरातला मुलगा मला म्हणाला, "काका, स्थायी समितीच्या अध्यक्षांची गाठ घालून देता का? एकदा त्यांनी सही केली की काम होतंय." मी विचारलं, "कुठल्या स्थायी समितीच्या?" त्याला प्रश्नच कळला नाही. त्याला माहीत असलेली स्थायी समिती एकच होती, आणि बेळगावात त्या चार आहेत. पैशाच्या गाठी सोडणारी ती तिकडची समिती इथं त्या रूपात नाहीच.

शब्द तेच, पण कायदा दुसरा. मुंबई सोडली तर महाराष्ट्रातल्या महापालिका १९४९ च्या कायद्यानं चालतात आणि बेळगावची कर्नाटक महानगरपालिका कायदा, १९७६ प्रमाणे. हा फरक डोक्यात ठेवून पुढचं वाचा. एकेक पायरी सांगत जातो.

पायरी १ : आपलं घर नक्की कुणाच्या हद्दीत आहे?

नव्या माणसाची सगळ्यात जास्त पायपीट इथं होते. पत्त्यात 'बेळगाव' लिहिलं म्हणजे घर महापालिकेत आलं असं नाही.

कॅम्प भाग महापालिकेत येत नाही. तिथं छावणी मंडळ आहे, म्हणजे कँटोन्मेंट बोर्ड. ते केंद्र सरकारच्या संरक्षण मंत्रालयाखाली, २००६ च्या छावणी कायद्यानं चालतं आणि अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो. कॅम्पातला कचरा, दिवे, घरपट्टी सगळं तिकडं. महापालिकेचा नगरसेवक तिथं कितीही ओळखीचा असला तरी त्याचा हात पोचत नाही.

दुसरी गोष्ट उपनगरांची. शहर वाढत वाढत हिंडलगा, कंग्राळी, येळ्ळूर या गावांना जाऊन भिडलंय. रस्ता एकच, घरं सारखीच, पण मधेच कुठंतरी हद्द संपते आणि ग्रामपंचायत सुरू होते. ग्रामपंचायतीत असाल तर तुमचा माणूस म्हणजे ग्रामपंचायत सदस्य, आणि अधिकारी म्हणजे पीडीओ, अर्थात पंचायत विकास अधिकारी. घर घेण्याआधी विकणाऱ्याकडून चालू वर्षाची घरपट्टीची पावती मागा. तिच्यावर महापालिकेचं नाव आहे की पंचायतीचं, एवढं वाचलं तरी निम्मं काम झालं.

तिसरी गोष्ट बुडाची. बुडा म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरण. ते वसाहती आखतं आणि भूखंड देतं. वसाहत बुडाकडून महापालिकेकडं रीतसर हस्तांतरित झाली नसेल तर रस्ता-गटाराचं काम महापालिका हातात घ्यायला मागेपुढे पाहते. नव्या वसाहतीत प्लॉट घेताना "हस्तांतर झालंय का?" हा प्रश्न आधी विचारा. पाणी येतंय का, हे त्याच्यानंतर.

पायरी २ : आपला वॉर्ड आणि मतदारयादी

बेळगाव महापालिकेत ५८ वॉर्ड आहेत आणि एका वॉर्डाचा एकच नगरसेवक. तिकडच्या बहुतेक महापालिकांत एका प्रभागातून तीन-चार जण निवडून येतात, मग काम घेऊन गेलं की "ते त्यांच्याकडं बघा" असं होतं. इथं तसं म्हणायला जागा नाही. तुमच्या वॉर्डाचा माणूस एकच, त्यामुळे जाब विचारायचा तोही एकालाच. मला ही पद्धत जास्त चांगली वाटते.

२०११ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार होती. म्हणजे सरासरीनं एका नगरसेवकामागं आठ-साडेआठ हजार माणसं. सध्याच्या लोकसंख्येत हा आकडा मोठाच असणार. तरीही आमदारापेक्षा नगरसेवक तुमच्या कितीतरी जवळ असतो. त्याचं घर चालत जाण्याच्या अंतरावर असतं.

एक सावधगिरी मात्र घ्या. गल्लीतले जुने लोक वॉर्डाचा जुना नंबर सांगतात. २०२१ च्या निवडणुकीआधी वॉर्डांची पुनर्रचना झाली, नंबर आणि सीमा बदलल्या. ती रचना आणि आरक्षण यांवरून धारवाडच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात खटलेही झाले. म्हणून वॉर्डाचा नंबर शेजाऱ्याच्या आठवणीवर सोडू नका. घरपट्टीच्या चालू पावतीवरून किंवा महापालिकेच्या कार्यालयातून खात्री करून घ्या.

मतदानाचं म्हणाल तर महापालिकेसाठी वेगळी नोंदणी करावी लागत नाही. विधानसभेची मतदारयादी हाच पाया. तिच्यातली नावं वॉर्डवार पाडून महापालिकेची यादी तयार होते. म्हणून आधी विधानसभेच्या यादीत, बेळगाव उत्तर किंवा दक्षिणमध्ये, जिथं राहता त्या पत्त्यावर नाव घाला आणि गावाकडच्या यादीतलं नाव कमी करून घ्या. निवडणूक जाहीर होण्याआधी वॉर्डवार कच्ची यादी प्रसिद्ध होते, तेव्हा ती नजरेखालून घालाच. गल्लीच्या एका बाजूचे मतदार एका वॉर्डात आणि रस्त्यापलीकडचे दुसऱ्यात, असे घोळ तेव्हाच दुरुस्त होतात. मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडून काही होत नाही.

निवडणूक घेणारा आयोग कोणता, हेही ध्यानात ठेवा. लोकसभा-विधानसभेचा तो केंद्राचा निवडणूक आयोग. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. तो बेंगळूरला आहे आणि जिल्ह्यात त्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत चालतं.

पायरी ३ : नगरसेवक कोण होतो?

मतदारयादीत नाव आणि वय २१ पूर्ण, ही पहिली अट. महापालिकेची थकबाकी नसावी, आणि महापालिकेच्या ठेक्यात स्वतःचा हितसंबंध नसावा. शेवटची अट फक्त अर्ज भरतानापुरती नाही. निवडून आल्यावर तसं सिद्ध झालं तरी सदस्यत्व जाऊ शकतं.

वॉर्डांचं आरक्षण राज्य सरकार ठरवतं. अनुसूचित जाती आणि जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, मागासवर्गाचे 'अ' आणि 'ब' असे दोन गट, आणि प्रत्येक प्रवर्गात निम्म्या जागा महिलांना. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीत, म्हणजे १ जून १९९३ पासून लागू झालेल्या तरतुदीत, महिलांसाठी किमान एक तृतीयांश सांगितलंय. कर्नाटकनं ते अर्ध्यावर नेलं. म्हणून सभागृहात बायकांची संख्या मोठी दिसते. काही वॉर्डांत अजूनही नगरसेविकेऐवजी तिचा नवराच फोन उचलतो. तुम्ही मात्र अर्ज तिच्याच नावानं द्या आणि बोलणंही तिच्याशीच करा. ठरावावर मत तिचं असतं.

बेळगावच्या निवडणुकीचा रंग इतकी वर्षं वेगळाच होता. मराठी गट आणि कन्नड-उर्दू गट अशा आघाड्या, अपक्ष उमेदवार, गल्लीतल्या पंचांनी ठरवलेला माणूस, अशी ती लढाई व्हायची. २०१३ च्या निवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मराठी गटाकडे बहुमत होतं. ३ सप्टेंबर २०२१ ची निवडणूक प्रथमच पक्षचिन्हांवर झाली. भारतीय जनता पक्षाला ३५, काँग्रेसला १० जागा मिळाल्या आणि बाकीच्या समिती, अपक्ष व इतरांत वाटल्या गेल्या. मतदान जेमतेम निम्मं झालं होतं.

पक्षचिन्ह आलं की त्याबरोबर पक्षादेशही येतो. कर्नाटकात स्थानिक संस्थांसाठी १९८७ चा वेगळा पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या नगरसेवकानं आदेश मोडून मत दिलं तर त्याचं पद धोक्यात येतं. तुमचा नगरसेवक गल्लीत एक बोलतो आणि सभागृहात हात दुसरीकडं वर करतो असं दिसलं, तर त्याचं एक कारण हे असू शकतं.

सभागृहात ५८ निवडून आलेल्यांखेरीज आणखी माणसं बसतात. शहराचे खासदार, आमदार, आणि शहराच्या मतदारयादीत नाव असलेले विधान परिषद सदस्य हे पदसिद्ध असतात आणि त्यांना मत असतं. शिवाय राज्य सरकार पाच जणांपर्यंत सदस्य नेमू शकतं. त्यांना बोलता येतं, मत देता येत नाही. महाराष्ट्रात ज्यांना स्वीकृत नगरसेवक म्हणतात ते पक्षांच्या संख्याबळावर सभागृहातून येतात. इथले नामनियुक्त थेट बेंगळूरहून नेमले जातात. सरकार बदललं की त्यांची नावंही बदलू शकतात.

पायरी ४ : महापौर कसा होतो, आणि निकालानंतर एवढा वेळ का लागतो?

या पायरीवर थोडं जास्त थांबतो, कारण इथले बरेच जुने रहिवासीही यात चुकतात.

महाराष्ट्रात महापौर अडीच वर्षांसाठी असतो आणि त्याला फक्त नगरसेवक निवडतात. बेळगावात मुदत एक वर्षाची. पाच वर्षांत पाच महापौर आणि पाच उपमहापौर. आणि मतदार फक्त नगरसेवक नसतात. वर सांगितलेले आमदार-खासदारही त्या सभेत मत देतात. त्यामुळे काठावरचं बहुमत असेल तेव्हा आमदार कुणाचे, यावर सगळं फिरतं.

त्या दिवशीची सभा महापौर चालवत नाही, कारण तो अजून व्हायचाच असतो. ती प्रादेशिक आयुक्त, म्हणजे महाराष्ट्रातल्या विभागीय आयुक्तांसारखे राज्य सरकारचे अधिकारी, चालवतात. नवे नगरसेवक असतील तर आधी शपथ, मग अर्ज, छाननी, माघार आणि हात वर करून मतदान. गुप्त मतदान नसल्यामुळं कोण कुणाबरोबर गेलं ते सगळ्यांसमोर असतं.

आरक्षणाची गंमत इथं खरी कळते. महापौर आणि उपमहापौरपद कोणत्या प्रवर्गाला, हे राज्य सरकार चक्राकार पद्धतीनं ठरवून जाहीर करतं. त्या प्रवर्गाचा नगरसेवक ज्याच्याकडं असेल त्याचाच महापौर होतो. २०१८ मध्ये पद अनुसूचित जमातीसाठी आलं. बहुमत मराठी गटाचं होतं, पण त्या प्रवर्गातला एकही नगरसेवक त्यांच्यात नव्हता. महापौर झाले बसप्पा चिक्कलदिन्नी, दुसऱ्या गटाचे. म्हणजे बहुमत आहे एवढ्यावर महापौरपद मिळत नाही. उमेदवारी देताना पुढच्या पाच वर्षांच्या आरक्षणाचा अंदाज घेऊन सगळ्या प्रवर्गांची माणसं आपल्या बाजूला असावी लागतात.

आता उशिराचं. २०२१ च्या निवडणुकीची मतमोजणी ६ सप्टेंबरला झाली आणि त्या सभागृहाच्या पहिल्या महापौर शोभा सोमनाचे निवडल्या गेल्या ६ फेब्रुवारी २०२३ ला. सतरा महिने नगरसेवक निवडून आलेले, पण सभागृह नाही, ठराव नाहीत, समित्या नाहीत. त्याआधीचं सभागृह २०१९ मध्येच संपलेलं. म्हणजे जवळजवळ चार वर्षं हे शहर प्रशासकाच्या सहीवर चाललं. त्या काळात लोक नगरसेवकाकडं जायचे, तो अर्ज घेऊन अधिकाऱ्याकडं जायचा, पण अधिकाऱ्याला त्याचं ऐकण्याचं बंधन नव्हतं.

म्हणून हे लक्षात ठेवा : निकाल लागला म्हणजे महापालिका स्थापन झाली असं नाही. घटनेप्रमाणे पाच वर्षांची मुदतसुद्धा निकालापासून मोजत नाहीत, पहिल्या सभेपासून मोजतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी होतं आणि सविता कांबळे महापौर झाल्या. मार्च २०२५ मध्ये मंगेश पवार महापौर आणि वाणी जोशी उपमहापौर झाले. पेपर वाचताना महापौराचं नाव दरवर्षी बदललेलं दिसलं तर गोंधळू नका.

महापौराचे अधिकार काय? सभेचं अध्यक्षपद, विषय घ्यायचा की नाही हे ठरवणं, शहराचा पहिला नागरिक म्हणून मान. पैसे काढण्याची, ठेका देण्याची, कर्मचारी बदलण्याची सही त्याची नसते. ती आयुक्तांची असते. एका वर्षात महापौराला कामाची घडी बसवायलाच वेळ मिळत नाही, आणि शहराचं त्यात नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ५ : चार स्थायी समित्या

प्रत्येक समितीत सात नगरसेवक, मुदत एक वर्ष, आणि अध्यक्ष त्या सातांनी आपल्यातून निवडायचा.

कर, अर्थ व अपील समिती घरपट्टी आणि हिशेबाचा ताळेबंद बघते. अर्थसंकल्प सभागृहात मांडतो तो हिचा अध्यक्ष. सार्वजनिक आरोग्य, शिक्षण व सामाजिक न्याय समिती, जिला सगळे 'आरोग्य समिती' म्हणतात, कचरा, सफाई, मोकाट कुत्री, दवाखाने हे विषय घेते. नगररचना व सुधारणा समितीला बोलण्यात 'बांधकाम समिती' म्हणतात. रस्ते, गटारं, इमारतींची कामं तिच्यापुढं येतात. चौथी लेखा समिती. तिच्याकडं लोक जात नाहीत, पण झालेल्या खर्चाची तपासणी तिचं काम. एखाद्या रस्त्याचं बिल निघालं आणि रस्ता मात्र झालेला दिसत नाही, असं तुमच्या लक्षात आलं तर जायची जागा हीच.

चंदगडच्या त्या मुलाला मी बांधकाम समितीचं नाव सांगितलं आणि लगेच हेही सांगितलं, की तुंबलेलं गटार उपसायला समितीची गरजच नाही. ते आरोग्य विभागाच्या मुकादमाचं रोजचं काम. नवं गटार बांधायचं असेल तर समिती, आहे ते साफ करायचं असेल तर मुकादम. गटार दुसऱ्या दिवशी साफ झालं.

पायरी ६ : आयुक्त, आणि जे महापालिकेकडं नाहीच ते

आयुक्त हा राज्य सरकारनं नेमलेला अधिकारी. सभागृह ठरवतं, आयुक्त अंमलात आणतात. ठराव झाला आणि काम झालं नाही तर त्याचं उत्तर आयुक्तांनी द्यायचं असतं. मुख्य कार्यालय सुभाषनगरात आहे.

आता काही खिडक्या, ज्या महाराष्ट्रातून आलेल्यांना चुकतात. प्राथमिक शाळा इथं महापालिकेच्या नाहीत. सरकारी मराठी शाळा राज्याच्या शिक्षण खात्याखाली येतात, तेव्हा शाळेच्या गळक्या छपरासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं जा. शहराचं पाणी राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून येतं, पण पुरवठ्याचं काम आता 'एल अँड टी' कंपनीकडं सोपवलंय, त्यामुळे पाण्याच्या बिलाची तक्रार घरपट्टीच्या खिडकीवर नेऊन चालत नाही. रस्त्यावरचा विजेचा खांब आणि तार हेस्कॉमची, म्हणजे इथल्या सरकारी वीज कंपनीची, त्याच खांबावरचा दिवा महापालिकेचा. दिवा लागत नसेल तर महापालिका, तार लोंबत असेल तर हेस्कॉम.

घरपट्टी स्वयंमूल्यांकन पद्धतीची आहे. मालकानं स्वतः क्षेत्रफळ भरायचं आणि हिशेब करून पैसे भरायचे. आर्थिक वर्षाच्या पहिल्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, भरली तर पाच टक्के सूट मिळते. पावतीवरचा पीआयडी क्रमांक, म्हणजे मालमत्तेचा ओळख क्रमांक, वहीत लिहून ठेवा, पुढं प्रत्येक कामात तोच विचारतात. घर विकत घेतलं असेल तर ई-खाता, म्हणजे महापालिकेच्या दप्तरातली मालमत्तेची नोंद, आपल्या नावावर झालाय का तेही बघा. नोंदणी कार्यालयात खरेदीखत झालं म्हणजे महापालिकेच्या दप्तरात नाव आपोआप चढलं असं समजून बसू नका.

पायरी ७ : भाषा आणि सीमेचा प्रश्न सभागृहात कसा येतो

हे टाळून बेळगावच्या महापालिकेविषयी बोलता येत नाही. २००५ मध्ये विजय मोरे महापौर असताना सभागृहानं हा भाग महाराष्ट्रात जावा असा ठराव केला. महापौरांना बेंगळूरमध्ये काळं फासलं गेलं आणि राज्य सरकारनं त्याच नोव्हेंबरात महापालिका बरखास्त केली. २०११ मध्ये १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकच्या स्थापना दिनी, मराठी लोक पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेरीत महापौर आणि उपमहापौर सहभागी झाल्यावर वर्षअखेरीस पुन्हा बरखास्ती झाली आणि पुढची निवडणूक २०१३ मध्ये झाली. बरखास्तीचा अधिकार कायद्यानं राज्य सरकारकडं आहे. तो वापरला गेला की नगरसेवकाचं पद जातं आणि प्रशासक बसतो. आमच्या पिढीनं हे दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा मन दुखलंय.

रोजच्या कारभाराची भाषा कन्नड आहे. १९८१ चा स्थानिक संस्थांच्या राजभाषेचा कायदा तसं सांगतो. विषयपत्रिका आणि इतिवृत्त मराठीतही द्या, अशी मागणी मराठी नगरसेवक सभेत पुन्हा पुन्हा करतात. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राच्या संरक्षक तरतुदींत म्हटलंय, की एखाद्या भागात अल्पसंख्याक भाषक १५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात. मागणीचा आधार हा आहे आणि मला ती न्याय्य वाटते.

तोवर काम अडू नये म्हणून काही कन्नड शब्द शिकून घ्या. बरेचसे ओळखीचेच निघतील : अर्जी म्हणजे अर्ज, तेरिगे म्हणजे कर, आस्ति तेरिगे म्हणजे घरपट्टी, सामान्य सभे म्हणजे सर्वसाधारण सभा, चुनावणे म्हणजे निवडणूक, मीसलाती म्हणजे आरक्षण, स्वीकृती म्हणजे पोच. सफाई कामगारांना इथं पौरकार्मिक म्हणतात आणि मराठी पेपरातही तोच शब्द रूढ झालाय.

निपाणी, खानापूरला राहायला आला असाल तर

तिथं महापालिका नाही. कर्नाटक नगरपालिका कायदा, १९६४ लागतो. त्यात आकारानुसार तीन पायऱ्या : नगरसभा, पुरसभा आणि पट्टण पंचायत. निपाणी आणि गोकाक नगरसभा, चिकोडी आणि संकेश्वर पुरसभा, खानापूर पट्टण पंचायत. मराठी माणूस पहिल्या दोन्हींना सरसकट नगरपालिका म्हणतो आणि तिसरीला नगरपंचायत.

निपाणीकरांना कागलशी तुलना करायची सवय आहे, म्हणून सांगतो. कागलला नगराध्यक्ष लोकांच्या मतानं थेट निवडला जातो. निपाणीत तो नगरसेवक निवडतात, आमदार-खासदारही मत देतात, आणि मुदत तीस महिन्यांची. म्हणजे पाच वर्षांत दोन नगराध्यक्ष. आयुक्तांच्या जागी नगरसभेत पौरायुक्त आणि पुरसभा-पट्टण पंचायतीत मुख्याधिकारी असतात. बाकी आरक्षण, नामनियुक्त सदस्य, पहिल्या सभेपासूनची मुदत, हे सगळं बेळगावसारखंच. निकालानंतर अध्यक्ष निवडीला उशीर होण्याचा त्रासही तसाच.

पायरी ८ : गल्लीचं काम सभागृहापर्यंत कसं न्यायचं

किरकोळ काम असेल, म्हणजे दिवा, कचरा, तुंबलेलं गटार, तर सरळ विभागात तक्रार नोंदवा आणि नोंदीचा क्रमांक घ्या. जन्म-मृत्यू दाखला, खाता बदल अशा सेवा 'सकाल' योजनेत येतात. कर्नाटकनं २०११ मध्ये केलेल्या कायद्यानं त्यांना दिवसांची मुदत घालून दिलीय. अर्ज दिल्यावर मिळणारा सकाल क्रमांक जपा. मुदत उलटली की त्याच क्रमांकावर वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं.

मोठं काम असेल, नवा रस्ता किंवा नाल्याची भिंत, तर वेगळी वाट. शहापूर, वडगावच्या लोकांना बेळ्ळारी नाल्याचं पाणी काय करतं ते विचारा. असली कामं एका अर्जावर होत नाहीत. आधी गल्लीतल्या पंचांना भेटा. बेळगावात पंच मंडळी म्हणजे कागदावर नसलेली पण सगळ्यांनी मानलेली संस्था आहे. देवळाचा कट्टा, गणपतीचा मंडप, नळाचा वाद सगळं तिथं मिटतं. त्यांच्या आणि घराघरांच्या सह्या घेऊन अर्ज करा. एक प्रत मराठी, एक कन्नड. एक नगरसेवकाला, एक आयुक्तांना, एक बांधकाम समितीच्या अध्यक्षांना. प्रत्येक प्रतीवर शिक्का आणि तारखेसह स्वीकृती घ्या.

वेळ साधणंही महत्त्वाचं. सर्वसाधारण सभा महिन्यातून किमान एकदा व्हायची असते. विषयपत्रिका आधी तयार होते, म्हणून सभेच्या आदल्या दिवशी नगरसेवकाला गाठून उपयोग नाही. निदान दोन आठवडे आधी जा. अर्थसंकल्पाची तयारी हिवाळ्यात सुरू होते आणि त्याआधी नागरिक व संघटनांच्या सूचना ऐकण्यासाठी बैठक घेतली जाते. तारीख पेपरात येते. त्या बैठकीला फार थोडे लोक जातात. तुम्ही पाच-सहा जण जा, अर्जाची प्रत बरोबर घ्या आणि त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आपल्या गल्लीचं काम कुठल्या शीर्षाखाली धरता येईल, एवढंच विचारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर झाला की त्यात ते शीर्ष आलंय का बघा. आलं नसेल तर माहिती अधिकाराखाली तुमच्या अर्जाचं काय झालं ते लेखी मागवा आणि मिळालेलं उत्तर पुढच्या हिवाळ्यातल्या बैठकीला घेऊन जा.